एरंडेलाच्या चार बश्या

मुंबईला जाणारा माणूस सोबत लाडवांचा डबा आणि नातेवाइकांचे पत्ते घेऊन जातो. मी त्यांच्या जोडीला तीन पांढऱ्या बश्या आणि एरंडेलाची बाटली नेली. परत आल्यापासून देवरुखात जो भेटतो तो विचारतो, "काय बाई, कशी आहे मुंबई?" रस्त्यात उभ्याउभ्या काय सांगणार, म्हणून सवडीने लिहून काढते आहे. चौपाटी आणि राणीच्या बागेचं वर्णन हवं असेल तर हे वाचू नका. त्यातलं मी काही पाहिलं नाही. मी आठवडाभर उपनगरांतली हवा बघत हिंडले.

मंजूच्या बाबांची वर्षापूर्वी अंधेरीच्या कचेरीत बदली झाली. तेव्हापासून ते तिथे चार जणांच्या खोलीत एका खाटेवर राहतात आणि मी, मंजू व सासूबाई देवरुखात. मंजू नऊ वर्षांची. तिला बाळदमा आहे. श्रावणात एकदा शाळेच्या प्रार्थनेतच तिला दम लागला. खांदे वरखाली व्हायला लागले, ओठ निळसर झाले, आणि मी, त्याच शाळेत शास्त्र शिकवणारी तिची आई, तिची पाठ चोळण्यापलीकडे काही करू शकले नाही. डॉक्टर म्हणाले, "मुंबईला बिऱ्हाड न्यायचं तर न्या. पण भाडं, नळ, शाळा हे सगळं नंतर बघा, आधी हवा बघा. धूळ आणि धूर या पोरीला चालायचा नाही."

हवा बघायची कशी? त्यावर मी माझ्यापुरता तोडगा काढला. लग्नात आलेल्या कपबश्यांतल्या चार बश्या शाबूत होत्या. पांढऱ्या बशीला एरंडेलाचा पातळ हात द्यायचा आणि ती चार दिवस खिडकीत ठेवायची. हवेत जे असेल ते चिकटेल. मुंबईत ज्या तीन जागा बघायच्या, त्यांच्या शेजाऱ्यांकडे तीन बश्या ठेवायच्या आणि तुलनेसाठी चौथी आमच्या देवरुखच्या खिडकीत. ती मी मंजूच्या ताब्यात दिली.

"हात लावायचा नाही. आजीलाही पुसू द्यायची नाही."

"आणि सगळ्यांत पांढरी बशी जिथली, तिथे आपण राहायचं?"

"हो."

"बाबांबरोबर?"

"हो गं."

पंच्याऐंशीची दिवाळी नुकतीच झाली होती. मंजूच्या बाबांनी तीन जागा हेरून ठेवल्या होत्या. त्यांतली बोरीवलीची त्यांना फार आवडली होती, पण घरमालक रविवारी दुपारी बाराच्या पुढे थांबायला तयार नव्हता. नाही म्हटलं तर पुन्हा वर्षभर हेच. मी निघाले ते हे सगळं डोक्यात घेऊन, त्यामुळे मौज वाटावी असं मन नव्हतं.

सोमवार, अंधेरी

मंजूचे बाबा घ्यायला आले होते. सहा महिन्यांनी भेट. पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे ते दर दोन मिनिटांनी घसा खाकरत होते.

"सर्दी झाली आहे का?"

"छे. इथलं पाणी मानवत नाही."

पाण्याने घसा खाकरावा लागतो हे माझ्या शास्त्रात नव्हतं. त्यांच्या सदऱ्याची कॉलर सकाळी पांढरी होती, जेवायच्या वेळी आतून काळी रेघ आली होती. देवरुखात हाच सदरा ते दोन दिवस घालायचे.

पहिली जागा साकीनाक्याच्या बाजूला. नाक्यावर चारी बाजूंनी ट्रक आणि रिक्षा तुंबलेल्या. पोलिसाने हात केला की सगळे एकदम सुटतात आणि तेवढ्या जागेत काळा लोट उठतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याचे गाळे. एकात लोखंड घासत होते, दुसऱ्यात भांड्यांवर मुलामा चढवत होते. शाळेत आम्ही आम्लाची बाटली खिडकी उघडून, नाकाला पदर लावून उघडतो. इथे तोच वास फुटपाथवर होता आणि लोक त्यातून डबे घेऊन निवांत चालले होते. दोनशे पावलांत माझा घसा आवळला. मी एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि खोकत सुटले. मंजूच्या बाबांनी पाणी आणून दिलं.

"सवय होते गं," ते म्हणाले.

"मला होईल. तिला?"

ते पेला परत द्यायला गेले.

जागा परबकाकूंच्या शेजारची. काकू कणकवलीकडच्या. नवरा पंधरा वर्षं गिरणीत होता, ती बंद पडल्यावर या मुलाम्याच्या गाळ्यात लागला. त्यांनी ओळखपाळख व्हायच्या आधीच ताट वाढलं. बांगड्याचं तिखलं आणि गरम भात. इतक्या धुरात इतकं चवदार जेवण होईल असं मला वाटलं नव्हतं. जेवून मी त्यांच्या खिडकीत बशी ठेवली आणि तेल लावायला घेतलं.

"अगो बाय, ह्या काय करतंस? बशयेक तेल कशाक?"

मी समजावून सांगितलं. चार दिवस हात लावू नका म्हटलं.

"नाय गो, मी कशाक हात लावतलंय?" काकू म्हणाल्या. मी निश्चिंत झाले आणि ती रात्र त्यांच्याकडेच काढली.

मंगळवार, घाटकोपर

साकीनाक्याहून घाटकोपरला येणारी बस डोंगराच्या पायथ्याने जाते. डोंगर अर्धाच उरला आहे. एका बाजूला वरपर्यंत झोपड्या आणि दुसरी बाजू सुरुंगांनी सरळ कापून काढलेली. खाली दगड फोडायचं यंत्र धडधडत होतं. शेजारच्या झाडांची पानं पिठात लोळवल्यासारखी. बसमधल्या बायकांनी कुणी न सांगता एकाच वेळी पदर नाकाला लावले आणि वळण संपल्यावर एकाच वेळी खाली घेतले.

इथे माझी कॉलेजातली मैत्रीण वीणा राहते. एकटी, नोकरी करणारी, तोंडाने फटकळ. तिच्याच मजल्यावर एक जागा रिकामी होती, आणि रविवारपर्यंत माझा मुक्कामही तिच्याकडेच होता. तिने ऑम्लेट-पाव पुढे ठेवला आणि माझी बशी पाहून हसत सुटली.

"ए सुमन, वेडी आहेस का गं तू? बशीत हवा पकडणार?"

"हवा नाही, हवेतलं."

"मग दोन दिवसांत भरेल बघ. मागे कारखाने, समोर रस्ता, वर खाण. वाट लागलीये यार इथे. तरी रोज नवीन बिल्डिंग. आता तूपण येतेयस."

"मी अजून ठरवलेलं नाही."

"आणि काय गं, तुमच्या देवरुखात चूल आहे ना? पाणी तापवायचा बंबपण आहे. तो धूर गुलाबाचा असतो का?"

मला राग आला. मंजूचं अंथरूण मी स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीत हलवलं आहे, बंब पेटला की तिला अंगणात पाठवते, हे सगळं मी तिला ऐकवलं. पण तिचं बोलणं खोटं नव्हतं. इथे वीणाच्या ओट्यावर गॅस होता, निळ्या ज्योतीचा, भिंतीवर डागही न पाडणारा. आमच्याकडे धूर घरात असतो, यांच्याकडे घराबाहेर, एवढाच फरक. बाहेरच्या धुरापासून पोरीला कुठे पाठवायचं ते मात्र मला कळेना.

बशी खिडकीत ठेवली. रात्रीच्या जेवणाआधी मी तीनदा जाऊन बघून आले.

"बस कर ना," वीणा ओरडली. "दूध आहे का ते, उतू जायला?"

बुधवार, बोरीवली

बोरीवलीला उतरून रिक्षाने पूर्वेला नॅशनल पार्कच्या बाजूला गेलो आणि मला पहिल्यांदा पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. समोर झाडीने भरलेले डोंगर. रस्त्याच्या कडेला आदिवासी बायका पानाच्या द्रोणात आवळे विकत होत्या. वारा झाडीकडून येत होता. मी चटकन मंजूच्या बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते.

"सांगितलं नव्हतं?" ते म्हणाले. तासाभरात ते एकदाही खाकरले नव्हते.

इथे आमच्या नलूवहिनी असतात, मंजूच्या बाबांच्या चुलतभावाची बायको. भाऊ फिरतीच्या नोकरीवर, मुलगी गेल्या वर्षी लग्न होऊन गेली. त्यामुळे त्या दिवसचे दिवस एकट्या. त्यांच्या शेजारचाच ब्लॉक रिकामा होता. दोन खोल्या, नळाला दोन वेळ पाणी, गॅलरीतून डोंगर. वहिनींचं घर तर असं लखलखीत की मी चपला दाराच्या आणखी दोन हात अलीकडे काढल्या.

"येच गं तू," त्या माझा हात धरून म्हणाल्या. "मंजूला मी सांभाळीन. शाळेतून आली की गरम गरम खायला घालीन. तू खुशाल इथल्या शाळेत नोकरी धर."

मी बशी काढली. वहिनींनी नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हणजे सगळ्यांच्या घरात ठेवलीयेस? आणि मग शेजारी शेजारी मांडून बघणार?"

"हो. चार दिवसांनी. तुम्ही फक्त हात लावू नका."

त्यांनी बशीकडे जरा वेळ पाहिलं. मग स्वतःच उचलून गॅलरीच्या कठड्याजवळ ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. ते मला तेव्हा वाचता आलं नाही, आणि मी स्वतःला मुलांचे चेहरे वाचणारी बाई समजते.

गुरुवार, जोगेश्वरी

मंजूच्या बाबांना अर्धी सुट्टी मिळाली, म्हणून जोगेश्वरीची लेणी बघायला गेलो. पुस्तकात त्यांचं चित्र मी मुलांना दाखवलेलं आहे. चित्रात भोवती मोकळं रान आहे. प्रत्यक्षात लेण्याच्या डोक्यावर घरं चढली आहेत. तोंडाशी एक बाई स्टोव्ह पंप करत होती आणि रॉकेलचा धूर आत खांबांपर्यंत जात होता. आत गार, ओलसर अंधार. खांबांवरच्या मूर्तींचे नाकडोळे झिजून गेलेले. मी एका मूर्तीला हात लावला तर बोटांना काळं लागलं.

"बघ," मी बोट पुढे केलं.

"सुमन, आता पुरे," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्या पोकळीत मोठा झाला. "सगळीकडे बोटं फिरवतेस. या बाईने रांधायचं नाही का? लोक कामाला येतात, कुठेतरी राहणारच. मी एक वर्ष खाटेवर काढलंय. पोरीचा वाढदिवस पत्राने कळवतात मला. तुला धूळ दिसते, हे दिसत नाही."

"मला तिचे निळे ओठ दिसतात," मी म्हटलं. "तुम्ही ते पाहिले नाहीत."

बोलून गेले आणि लगेच वाईट वाटलं. ते नव्हते तेव्हा तिथे, हा काही त्यांचा गुन्हा नव्हता. बाहेर येऊन आम्ही एका टपरीवर चहा घेतला. ते म्हणाले, "बोरीवलीची बशी स्वच्छ निघाली तर हो म्हणशील ना?" मी हो म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं.

शुक्रवार आणि शनिवार

शुक्रवारी परबकाकूंकडे गेले. काकूंनी प्रेमाने चहा पुढे केला. पहिल्या घोटालाच तोंडात चिकट, ओशट काहीतरी आलं. मी हातातली बशी खाली ठेवून बघितली. ती माझीच बशी, आणि तिच्यात ओतलेल्या चहावर तेलाचा तवंग. पहिला घोट मी बशीतूनच फुरकला होता.

"काकू! बशी धुतलीत?"

"मगे? काळीमिच्च झाली होती दोन दिसांत. राखेन घासलंय. पावण्याची बशी तशीच मळकी ठेवूची? माका लाज नाय वाटाची?"

आपण दिलेला शब्द मोडला हे त्यांच्या गावीही नव्हतं. बशीला हात लावायचा नाही म्हणजे ती फोडायची नाही, एवढंच त्यांनी धरलं होतं. मी हसले, एरंडेलाच्या भीतीने बाकीचा चहा मोरीत ओतला. काळीमिच्च हे उत्तर मिळालंच होतं.

शनिवारी वीणाची बशी उचलली. वीणा घरकामाच्या बाबतीत इतकी आळशी की तिच्या हातून ती पुसली जायची भीतीच नव्हती. चार दिवसांत पांढरी बशी करड्या रंगाची झाली होती. बोट फिरवलं तर खरखरीत, रांगोळीसारखं लागलं, आणि त्याच्याखाली काळा चिकटा. वीणानेही बोट फिरवलं. पहिल्यांदा ती थट्टा करायची विसरली.

"हे मी रोज आत घेते?" ती म्हणाली.

मी ती बशी कागदात गुंडाळली. आता सगळी मदार बोरीवलीवर होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

रविवार, बोरीवली

सकाळी सव्वाअकराला आम्ही दोघं नलूवहिनींच्या दारात. घरभर वालाच्या बिरड्याचा वास. मी चपला कशाबशा काढल्या आणि थेट गॅलरीत गेले.

बशी पांढरी होती. मी ती उन्हात धरली, तिरकी करून पाहिली. तेल चकाकत होतं आणि त्याच्यावर कणभरसुद्धा काही नव्हतं. घाटकोपरची बशी शेजारी ठेवली. दोन्ही एकाच संचातल्या आहेत यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

मंजूचे बाबा कठड्याला धरून डोंगराकडे बघत उभे राहिले. मला दिसलं की त्यांचे डोळे भरले आहेत. मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच मनातल्या मनात खोल्या लावायला घेतल्या. मंजूचं अंथरूण गॅलरीजवळ, सासूबाईंचे देव स्वयंपाकघरात पूर्वेला.

तेवढ्यात बशी कागदात गुंडाळताना बोटाला तेल लागलं आणि सवयीने मी बोट नाकाशी नेलं. प्रयोगशाळेतली खोड. एरंडेलाला उग्र, औषधी वास असतो. हा वास गोडसर होता. खोबरेलाचा. मी पुन्हा हुंगलं. शंका नव्हती.

मी बशी हातात धरून तशीच उभी राहिले. साडेअकरा झाले होते. बाराला घरमालक यायचा होता. स्वयंपाकघरात वहिनी पोळ्या लाटत होत्या आणि मंजूचे बाबा त्यांना सांगत होते की शाळेच्या दाखल्याचं बघायला हवं. काय विचारायचं आणि कसं, याची मी जुळवाजुळव करत होते.

तेव्हा तो आवाज झाला. आधी धप्प असा दबका, मग खिडक्यांच्या काचा थरथरल्या. वहिनी लाटणं टाकून धावत आल्या. गॅलरीचं दार लावलं, मग आतल्या खोलीची खिडकी, मग न्हाणीघराची. एकही पाऊल फुकट नाही. दाराआडचं ओलं फडकं त्यांच्या हातात कधी आलं ते मला कळलंही नाही. काचेबाहेर बिल्डिंगच्या मागच्या अंगाने पांढरट धुरळा पसरत आला आणि डोंगर दिसेनासा झाला. वहिनींनी टेबल पुसलं, देव्हाऱ्याची कड पुसली, आणि त्याच ओघात माझ्या हातातल्या बशीकडे फडकं नेलं.

आणि थांबल्या. हात तसाच हवेत.

"वहिनी," मी म्हटलं, "तेल तुम्ही लावलंत?"

त्या खुर्चीवर बसल्या. फडकं पिळत म्हणाल्या, "रोज पुसून नवं लावत होते गं. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी बघितलं तर मळून गेलेली. म्हटलं, सुमन सगळ्यांच्या बश्या शेजारी मांडणार. माझ्याच घरची मळकी निघाली तर? तू काय म्हणशील, नलूवहिनी दिवसभर एकट्या घरात, तरी एवढी घाण? तीन तीनदा पुसते मी, सुमन. देवाशपथ. सकाळी, दुपारी, सुरुंग झाला की."

"अहो, ती बशी तुमच्या घराची नव्हती. हवेची होती."

"ते तू म्हणालीस. पण खिडकी माझी ना?"

माझ्या देवरुखच्या खिडकीत कुणी अशी बशी ठेवली असती तर मीही पहाटे उठून पुसली असती. हे मी प्रयोग मांडताना विसरले, आणि मुलांना मात्र सांगत असते की प्रयोगात सगळ्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

"बुधवारी आवाज नव्हता," मंजूचे बाबा हळूच म्हणाले.

"बुधवारी खाणीला सुट्टी असते, भाऊजी," वहिनी म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "मी मुद्दाम नाही केलं हो. पण तुम्ही शेजारी याल म्हणून मी किती खूश होते, ते देवाला माहीत."

बाराला बेल वाजली. घरमालक शेठ हसतमुख गृहस्थ. मी सुरुंगाचं विचारल्यावर त्यांनी हात उडवला.

"अरे बेन, दोन-तीन वरसांची गोष्ट. इथे सगळ्या बिल्डिंगी झाल्या की खाण बंद. मग धूळ कुठली?"

"आणि त्या बिल्डिंगींना दगड कुठला?"

"ह्याच डोंगराचा! तुमच्या ब्लॉकलापण हाच. एकदम मजबूत."

त्यांनी कौतुकाने भिंतीवर थाप मारली. मी त्या भिंतीकडे बघत राहिले. इतके दिवस मी धूर आणि धूळ दुसऱ्या कुणाची तरी समजून बोट दाखवत फिरत होते. माझ्यासारखीला दोन खोल्या आणि गॅलरी हवी असते म्हणून सुरुंग लागतो, ट्रक धावतात, साकीनाक्यावर कड्याकोयंडे घासले जातात. आम्ही इथे आलो असतो तर पुढच्या बिऱ्हाडासाठी आणखी एक सुरुंग ठरलेला होता.

मंजूचे बाबा माझ्याकडे बघत होते. शेठ घड्याळ बघत होते. मी मान हलवली. नाही.

"ठीक आहे, शेठ," मंजूचे बाबा म्हणाले. "आमचं जमत नाही." मग त्यांनी घसा खाकरला.

जेवण झालं, पण बिरडं कसं लागलं ते मला सांगता येणार नाही. निघताना वहिनींनी मंजूसाठी आवळ्याचा मुरंबा दिला. एसटीच्या थांब्यावर मंजूच्या बाबांनी माझी पिशवी वर ठेवली आणि खिडकीपाशी उभे राहिले. मी म्हटलं, "तुम्ही तरी बदलीचा अर्ज करा." ते म्हणाले, "केलाय. दोनदा." हे त्यांनी मला आजवर सांगितलं नव्हतं.

देवरुख

घाट चढून गाडी वर आली तेव्हा हवा ओल्या मातीच्या वासाची होती. मला आनंद व्हायला हवा होता. सासूबाई दारातच होत्या.

"पोर शहाण्यासारखी वागली हो. फक्त गुरुवारी जरा धाप लागली. काय झालं कोण जाणे, न्हाणीघरात बंबापाशी जाऊन बसली होती. मी ओढून बाहेर आणली. कशाला गेली होतीस म्हटलं तर सांगेना."

मंजू धावत आली, पिशवीत डोकावली, मुरंबा बाजूला सारला. "आई, बश्या कुठायत?"

मी तिन्ही बश्या ओसरीवर काढून ठेवल्या. परबकाकूंची घासलेली, वीणाची करडी, वहिनींची खोबरेलाची. मंजूने आतून चौथी आणली. दोन्ही हातांनी, जपून, पूजेचं ताट आणावं तशी.

ती सगळ्यांत काळी होती. डांबरासारखी. मी उजेडात धरली. धूळ अशी बसत नाही. धूळ सगळीकडे सारखी पसरते. इथे काळं मधोमध दाट होतं, कडेला विरळ, आणि त्यात लहान बोटांचे फराटे स्पष्ट दिसत होते. ही बंबाच्या धुराड्याची काजळी होती.

"मंजू, हिला कुणी हात लावला?"

"कुणीच नाही." तिने हात पाठीमागे घेतले. मग घाईघाईने म्हणाली, "आई, बघ ना, आपली तर सगळ्यांत घाण निघाली. म्हणजे इथलीच हवा वाईट आहे. मग आपण बाबांकडेच जायला हवं ना?"

मी बोरीवलीला नाही म्हणून आले आहे, हे तिला अजून कळायचं होतं. धुराजवळ जायचं नाही हे तिला तिसऱ्या वर्षापासून पाठ आहे. ती गुरुवारी बंबाशी बसली, काजळी खरवडली, धाप लागेपर्यंत खरवडली. त्याच दिवशी, जोगेश्वरीच्या अंधारात, मी तिच्या बापाला म्हणत होते की तुम्ही तिचे निळे ओठ पाहिले नाहीत.

मला रडू आवरेना. मंजू घाबरली. तिला वाटलं मी रागावले. तिला जवळ घेतलं, न्हाणीघरात नेलं आणि साबणाने तिचे हात धुतले. नखांतली काजळी काही केल्या निघाली नाही.

बाकीच्या तीन बश्या मी घासून फडताळात ठेवल्या. चौथी तशीच आहे, खिडकीत, कागद झाकून. शिमग्याला तिचे बाबा येतील तेव्हा ती त्यांच्यापुढे ठेवणार आहे.